काका, तुम्ही भूकंप बघितलाय का?

आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या गेली बरीच वर्षं नीटच्या पोरांना भाड्यानं जातात. लातुरात आमच्या गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घराची हीच कथा आहे. जूनमध्ये पत्र्याची पेटी, गादी आणि पुस्तकांची पोती घेऊन पोरं येतात, दोन वर्षांनी जातात, आणि त्यांच्या जागी पुन्हा सतरा वर्षांचीच येतात. या धंद्यात मालकाचं वय वाढतं, भाडेकरूचं कधीच वाढत नाही.

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. रात्री नऊच्या सुमाराला लाईट गेली आणि वरची चौघं पायरीवर येऊन बसली. त्यातला मुखेडकडचा एक मला म्हणाला, “काका, तुम्ही भूकंप बघितलाय का?”

म्हटलं, “बघितला कसला? त्यानंच झोपेतून उठवलं.”

चौघंही गप्प झाली आणि माझ्याकडे नीट बघू लागली. त्या बघण्यात आदर होता, तीच तर अडचण होती. कंधारच्या किल्ल्यातली तोफ बघताना माणूस असाच बघतो.

वाचकांपैकी अनेकांनी एक प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. गुडघे दुखले तरी म्हातारं वाटत नाही, पेन्शनचे कागद भरतानाही वाटत नाही, मग एखाद्या पोराच्या एका वाक्यानं एकदम का वाटतं? या प्रकरणात त्याचाच छडा लावू. त्यासाठी आधी वय किती प्रकारचं असतं ते बघावं लागेल.

१. तीन वयं

पहिलं कागदावरचं. आमच्या भागात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याच्या उंचीकडे बघत, बापाला विचारत, बाप म्हणे “दुष्काळाच्या आदल्या साली”, आणि गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. त्यामुळे ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत एकाच दिवशी निरोप समारंभांची रांग लागते. माझीही तारीख तीच आहे, १ जून १९७१. खरी कोणती ते आईलाही आठवत नव्हतं. थोडक्यात, कागदावरचं वयसुद्धा वाटतं तितकं पक्कं नसतं.

दुसरं मनातलं वय. डोळे मिटून स्वतःला विचारलं, “मी कितीचा?” तर जो आकडा येतो तो. डेव्हिड रुबिन आणि डॉर्थे बर्न्टसेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी डेन्मार्कमधल्या लोकांना नेमकं हेच विचारलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. चाळिशीपुढची माणसं सरासरी आपल्या खऱ्या वयापेक्षा २० टक्क्यांनी तरुण असल्यासारखी वाटून घेतात. हिशोब सोपा आहे. पन्नाशीचा माणूस मनात चाळीसचा, साठीचा अठ्ठेचाळीसचा. मी चोपन्नचा, म्हणजे मनात त्रेचाळीसचा. गंमत म्हणजे पंचविशीच्या आतल्या पोरांचं उलटं असतं. त्यांना आपण आहोत त्यापेक्षा मोठे आहोत असं वाटत असतं.

तिसरं वय दुसऱ्याच्या डोळ्यातलं. ते आपल्या हातात नसतं आणि आपल्याला दिसतही नाही. दिसतं ते फक्त कोणी बोलून दाखवलं तर.

त्या रात्री पायरीवर त्रेचाळीसचा एक माणूस बसला होता, आणि पोरं ज्याच्याशी बोलत होती तो त्यांच्या आजोबांच्या जरा अलीकडचा कोणीतरी होता. धक्का बसतो तो या दोघांच्या मधल्या अंतराचा.

२. हाकेवरून वय

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत अनोळखी माणसाला हाक मारताना त्याचं वय ठरवावं लागत नाही. आपल्याकडे ठरवावंच लागतं, आणि तेही अर्ध्या सेकंदात. भाजीवाली, रिक्षावाला, पुस्तकाच्या दुकानातला पोरगा, सगळे आपल्याला बघताच कोणत्या ना कोणत्या नात्यात बसवतात. दादा, भाऊ, काका, मामा, आजोबा. नांदेडला तर वजिराबादेपासून देगलूर नाक्यापर्यंत गेलं की एकाच सकाळी माणूस काका, चाचा आणि अंकल असा तिन्ही होऊन येतो.

यात एक मेख आहे. हाक मारणारा आपलं वय मोजत नाही, तो आपल्याला स्वतःच्या बापाशेजारी उभं करून बघतो. बापापेक्षा बराच लहान दिसला तर दादा, बापाच्या आसपास दिसला तर काका, बापाच्या बापाच्या आसपास दिसला तर आजोबा. म्हणून चाळिशीतला एकच माणूस तिशीच्या बँक कारकुनाला दादा असतो, वरच्या खोलीतल्या पोराला काका असतो, आणि बालवाडीतली पोर त्याला बिनधास्त आजोबा म्हणून जाते. तिघांचंही गणित बरोबर असतं.

बायकांच्या बाबतीत ही शिडी आणखी खडी आहे. खेड्यात लग्न लवकर उरकलं, लेकीचंही लवकर झालं, की बाई चाळिशीच्या आत आजी होते. तिच्याच वर्गातली, शिकून नांदेडला नोकरीला लागलेली मैत्रीण त्याच वयात पोराला पहिलीत घालत असते. दोघी एका लग्नात भेटल्या की एकीला सगळे आजी म्हणतात, दुसरीला ताई. म्हातारपण वर्षांवर किती आणि घरातल्या जागेवर किती, हे अशा लग्नात जेवणाच्या पंगतीत बसून बघावं.

३. जन्मसालाचा आरसा

आता भूकंपाकडे येऊ. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले होते, गाढ झोपेत होते. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि त्यावर मातीचं माळवद, अशी घरं एका झटक्यात आत कोसळली. हजारो माणसं गेली. बावन्न गावं उठून नव्या जागी वसली.

मला हे सगळं परवाचं वाटतं. मग पोराच्या आवाजात इतकं अंतर कुठून आलं? हे समजायला मी एक आरसा वापरतो. वहीच्या कोपऱ्यावर करता येईल इतकं ते सोपं आहे.

समोरच्याच्या जन्मसालातून घटनेचं साल वजा करायचं. मुखेडचा पोरगा २००८ चा. २००८ उणे १९९३, उरले १५. म्हणजे भूकंप त्याच्या जन्माआधी १५ वर्षं झाला. आता तेच १५ आपल्या जन्मसालातून वजा करायचे. १९७१ उणे १५, आलं १९५६.

१९५६ साली काय झालं? १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. माझ्यासाठी ती शाळेच्या पुस्तकातली ओळ आहे, फार तर वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येणारी गोष्ट. मी लहानपणी एखाद्या वयस्कर माणसाला विचारलं असतं, “तुम्ही हैदराबाद राज्यात राहायचात का?” तर माझा आवाज नेमका त्या पोरासारखा आला असता.

आरसा हातात आला की माणसाला थांबवत नाही. रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई माझ्या जन्माआधी २३ वर्षं. पोराच्या बाजूनं २३ मागे गेलं की १९८५ येतं. त्या साली आमच्या जिल्ह्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले होते, मी नववीत होतो, आणि लातूर जिल्हा होऊन उणीपुरी तीन वर्षं झाली होती. म्हणजे माझी नववी म्हणजे त्याचे रझाकार! हे गणित मी बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, असली गणितं रात्री करत जाऊ नका.

मुख्यमंत्र्यांवरून आणखी एक. त्याच रात्री पोरांचं आपसात चाललं होतं, “शंकररावला नाही लागला तर विलासरावला तरी लागायला पाहिजे.” मी क्षणभर चक्रावलो. मग उजेड पडला. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. विलासरावांची बाभळगावच्या ढंगातली भाषणं आम्ही मैदानात उभं राहून ऐकली, त्यांच्या कोट्यांवर हसलो. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं तेव्हा ही पोरं पाळण्यात होती. दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला दिलेली ही दोन माणसं त्यांच्यासाठी दोन इमारती आहेत, ज्यांचा कटऑफ असतो. यात पोरांचा दोष नाही. आम्ही तरी नांदेडचं पीपल्स कॉलेज म्हटलं की ते काढणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांना आठवायचो का?

४. मग आपल्याला ते जवळचं का वाटतं?

आरशानं पोराची बाजू कळली. आपली बाजू उरलीच. बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट परवाची का वाटते?

स्मृतीचं कोठार सगळीकडे सारखं भरलेलं नसतं. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावलं आणि कोणत्या वयातल्या किती ते मोजलं, की साधारण दहा ते तीस या वयाच्या जागी उंचवटा दिसतो. मानसशास्त्रात हा उंचवटा पुन्हा पुन्हा सापडला आहे. पहिली नोकरी, पहिलं शहर, लग्न, पहिलं मूल, सगळं याच पट्ट्यात येतं. पहिल्यांदा घडलेलं मन नीट गुंडाळून ठेवतं, पंचविसाव्यांदा घडलेलं नुसतं टाकून देतं.

भूकंपाच्या वेळी मी बावीसचा होतो, म्हणजे बरोबर उंचवट्यावर. ती पहाट मला तुकड्यातुकड्यांत अजून दिसते. फळीवरच्या पितळी डब्यांचा आवाज. कुत्री एकदम गप्प झालेली. शेजारच्या काकूंनी अंगणात उभं राहून एकेकाचं नाव घेऊन केलेली मोजणी. नंतर कित्येक रात्री सगळी गल्ली रस्त्यावर सतरंज्या टाकून झोपायची, आणि घरात शिरायचं म्हटलं की बायका दाराच्या चौकटीला आधी हात लावून बघायच्या. याउलट २०१४ साली मी काय करत होतो, असं कोणी विचारलं तर मला त्या वर्षीचं लाईटबिल काढून बघावं लागेल. ठळक दिसणारं जवळचं वाटतं. पाऊस पडून गेल्यावर बालाघाटाचे डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे दिसतात, तसंच हे.

दुसरं कारण वर्षाच्या लांबीचं. पॉल जाने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं १८७७ मध्ये असं मांडलं की माणूस वर्ष मोजतो ते आजवर जगलेल्या आयुष्याच्या तुलनेत. सतरा वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सतरावा हिस्सा, जवळपास ६ टक्के. मला तेच वर्ष चोपन्नावा हिस्सा, २ टक्क्यांहूनही कमी. पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं तर पातळी बोटभर चढते, हौदात ओतलं तर कळतही नाही. जानेचा हा नियम तराजूत तोलून सिद्ध झालेला नाही, ठोकताळा म्हणूनच घ्यावा. पण नीटच्या पोरांना “एक वर्ष रिपीट कर, काय बिघडतं” असं सांगणाऱ्या प्रत्येक बापानं तो एकदा तरी करून बघावा. बापाचं एक वर्ष आणि पोराचं एक वर्ष सारख्या मापाचं नसतं.

५. वस्तू जाते, शब्द मागे राहतो

म्हातारं वाटायला लावणारे सगळ्यात बारीक काटे शब्दांत असतात. माझे आजोबा औशाच्या बाजारातली जुनी गोष्ट सांगताना रकमेपुढे न चुकता “हाली” किंवा “कलदार” म्हणायचे. निजामाचं नाणं हाली, इंग्रजांचं कलदार. सरकारी दर सात हालीला सहा कलदार, म्हणजे ७० हालीचा बैल ६० कलदारांना पडायचा. आम्ही नातवंडं त्यांची नक्कल करायचो. गोळी घेतली तरी विचारायचो, “हाली की कलदार?”

त्याचं फळ आता भोगतोय. मी सहज म्हणालो, “चाराण्याची कोथिंबीर मिळायची.” वरच्या पोरांपैकी एकानं अगदी मनापासून विचारलं, “काका, आणा म्हणजे किती?”

सोळा आण्यांचा रुपया होता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणा गेला. म्हणजे आणा मीही वापरलेला नाही! माझ्या जन्माआधी चौदा वर्षं तो संपला होता. पंचवीस पैशांच्या नाण्याला आम्ही चाराणे म्हणत राहिलो, ३० जून २०११ ला तेही चलनातून गेलं. मी पोराला जो शब्द दाखवून म्हातारा ठरलो, तो मुळात माझ्या बापाचा होता.

पण खरी मौज पुढे आहे. ज्यानं आणा विचारला त्याचे वडील शेतकरी. मी म्हटलं, “आणेवारी माहिती आहे?” तो लगेच म्हणाला, “हाव, यंदा आमच्या गावाची पन्नासच्या आत यायला पाहिजे.” पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे धरून गावाचं पीक किती आणे आलं ते ठरवायचं, ही जुनी रीत. सरकारी कागदावर आता पैसेवारी लिहितात, ५० पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलतींचा रस्ता उघडतो. नाणं जाऊन साठ-सत्तर वर्षं झाली, दुष्काळ राहिला, म्हणून शब्द राहिला. त्या पोराला आणा ठाऊक नव्हता, आणेवारी मात्र त्याच्या घरात जेवताना बोलली जात होती.

उलट दिशेनं येणारे शब्दही असतात. आमच्यासाठी रीळ म्हणजे कॅसेटमधून बाहेर आलेली, पेन्सिल घालून आत गुंडाळायची पट्टी. त्यांच्यासाठी रीळ म्हणजे काय ते सांगायला नको. शब्द तोच, घरमालक बदललेला.

६. डोळा आणि कान

यावर फार वेळ घालवायला नको. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होत जातं आणि जवळचं बघताना त्याला पुरेसं फुगता येत नाही, म्हणून चाळिशीच्या आसपास पेपर लांब धरावा लागतो. मराठीनं वयाला आणि चष्म्याला एकच नाव देऊन विषय संपवला आहे. चाळिशी लागली म्हटलं की दोन्ही आलं.

कानाचं कमी लोकांना ठाऊक असतं. फार बारीक, किणकिणते आवाज ऐकण्याची ताकद विशीपासूनच ओसरू लागते. २००५ मध्ये वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी याचा फायदा घेऊन एक यंत्र काढलं. दुकानासमोर टोळकं करून उभ्या राहणाऱ्या पोरांनाच ऐकू जाईल आणि मोठ्यांना जाणार नाही असा कर्कश आवाज ते काढायचं. पोरांनी काय करावं? तोच आवाज मोबाईलची रिंग म्हणून लावला, म्हणजे वर्गात फोन वाजला तरी मास्तरला पत्ता नाही.

शरीराचं हे असं. त्यावर आपण मनाची भर घालतो. “आता काय, आपलं वय झालं” हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. बेक्का लेव्ही यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावात पन्नाशीपुढच्या ६६० लोकांची आपल्या म्हातारपणाबद्दलची मतं आणि पुढे ती किती जगली हे ताडून पाहिलं. चांगलं मत असणारी माणसं साडेसात वर्षं जास्त जगली, असं २००२ मध्ये त्यांनी मांडलं. मतामुळेच आयुष्य वाढलं असा सरळ अर्थ काढण्यात घाई होईल. तरी हे वाचल्यापासून मी ते वाक्य जरा जपून वापरतो.

७. शिकवणार कोण?

मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या पुस्तकात समाजाचे तीन प्रकार केले. पहिल्यात पोरं मोठ्यांकडून शिकतात, दुसऱ्यात बरोबरीच्यांकडून, तिसऱ्यात मोठे पोरांकडून. आमच्या भावाच्या शेतात हे तिन्ही प्रकार एका बांधावर बघायला मिळतात.

मृगात पाऊस पडला तर पेरावं की आर्द्राची वाट बघावी, हे भाऊ ठरवतो. ते त्याला आमच्या वडिलांनी, आबांनी शिकवलं. सोयाबीनचं बियाणं कोणतं, हे शेजारच्या चार शेतकऱ्यांना विचारून ठरतं. आबांच्या काळी आमच्या रानात ज्वारी आणि तूर असायची, त्यामुळे सोयाबीनबद्दल ते काही सांगून जाऊच शकले नाहीत. आणि पेरा सातबाऱ्यावर चढवायची वेळ आली की हुकूम पुतण्याचा चालतो. पूर्वी तलाठी पीकपाहणी लिहायचे. २०२१ पासून शेतकऱ्यानं मोबाईलवर ई-पीक पाहणी करायची, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून चढवायचा.

मी तिथं होतो. अर्धा तास ऊन डोक्यावर घेऊन भाऊ मोबाईल वर धरून रेंज शोधत होता. पुतण्या बांधावरून ओरडत होता, “अण्णा, तिकडं नको, गटाच्या आत या! हलू नका!” ज्या माणसानं नुसत्या ढगाच्या रंगावरून मळणी थांबवलेली मी बघितली आहे, तो सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या हुकुमावर चिखलात दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे होत होता. फोटो गेला. भावानं मोबाईल पुसून पोराच्या हातात दिला आणि मला म्हणाला, “हुशार आहे.” मग बराच वेळ काही बोलला नाही.

बापाचा मान त्याच्या वयामुळे होता असं आपण समजतो. खरं तर तो माहितीमुळे होता, आणि वय म्हणजे माहिती हे समीकरण पिढ्यान् पिढ्या टिकलं म्हणून दोन्ही एकच वाटत राहिलं. बांधावर ते सुटं झालं.

८. पाण्याची रेल्वे

दिवाळीच्या आधी मुखेडच्या पोराला न्यायला त्याचे वडील आले, बरोबर धाकटा भाऊ, नऊ-दहा वर्षांचा. बोलता बोलता पाण्याचा विषय निघाला आणि मोठा म्हणाला, “त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं.” २०१६ च्या उन्हाळ्यात तो आठ वर्षांचा होता, सुट्टीला मावशीकडे आलेला. टँकरच्या रांगेत घागरीवर बसून नंबर धरायचं काम त्याच्याकडे होतं.

धाकटा हसला. “रेल्वेत पाणी? मग माणसं कुठं बसायची?”

“अरे, खरंच! मिरजेहून यायचं.”

“काहीही सांगतो.”

मोठ्यानं आधाराला माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. धाकट्यानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि दोघांनाही एकाच रांगेत बसवलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यानं मला न विचारता आपल्या भावाला विचारला. “दादा, तुमच्या वेळी नळ नव्हते का?”

मोठा काही बोलला नाही. पेटी उचलून तो रिक्षाकडे निघाला.